अकराव्या दिवशी विचारलेला प्रश्न

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. ‘चि.’ लिहिताना पेन क्षणभर थांबलं. चिरंजीव हो, असं आपण किती सहज म्हणून जातो, आणि तू काल नेमकं तेच विचारलंस, की आयुष्य लांबवायचं ते कुठवर.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मताच रडलं नाही. सहा तासांच्या आत कूलिंग, म्हणजे मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून शरीर थंड ठेवणं, सुरू केलं, ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर ठेवलं. तुमच्याकडून कसूर झालेली दिसत नाही. कूलिंगनं सगळी बाळं वाचत नाहीत. साधारण सात बाळांना थंड ठेवावं तेव्हा एकाचा मृत्यू किंवा मोठं अपंगत्व टळतं. उरलेल्यांपैकी हे एक. आज अकरावा दिवस, एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागातली इजा स्पष्ट, ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, जवळजवळ सपाट, चोखणं-गिळणं नाही, व्हेंटिलेटर कमी केला की श्वास पुरत नाही. आणि आईनं विचारलं, ‘तुमचं बाळ असतं तर काय केलं असतं?’ तू ‘सरांना विचारून सांगते’ म्हणालीस आणि बाहेर आलीस.

त्याबद्दल स्वतःला फार बोल लावू नकोस. मीही असं पाय काढता घेतलाय, आणि तुझ्याहून वाईट वाक्य बोलून. ‘सगळं करायचं का, ते तुम्ही ठरवा.’ कित्येक वर्षं मला हा आई-वडिलांचा मान राखणं वाटायचं. पण कोणती आई म्हणेल, ‘नको, थोडंच करा’? त्या ‘सगळं’मध्ये किती सुया, किती वेळा श्वासाच्या नळीतून स्राव ओढून काढणं (सक्शन), छातीवर किती दाब, हे तिला कुठून कळणार? हो म्हणावं तर बाळाचे हाल तिच्या माथी, नको म्हणावं तर त्याचं मरण तिच्या माथी, आणि आम्ही सही घेऊन मोकळे.

म्हणून सांगते, पहिलं वाक्य आपण बोलायचं. ‘व्हेंटिलेटरनं बाळ बरं होत नाहीये, त्याचं जाणं फक्त लांबतंय. नळी काढून त्याला तुमच्या कुशीत द्यावं, असा आमचा सल्ला आहे. पटत नसेल तर सांगा, आपण पुन्हा बोलू.’ नाही म्हणण्याची वाट त्यांना शेवटपर्यंत मोकळी ठेव. सल्ल्याचं ओझं मात्र तुझ्या खांद्यावर राहू दे. ‘तुमचं बाळ असतं तर’ याला खरं उत्तर नाही, कारण तेव्हा तू डॉक्टर उरली नसतीस. ते तसंच सांग, आणि मग सल्ला दे.

तो देण्याआधी मात्र स्वतःचीच उलटतपासणी कर. न बोलणाऱ्या रुग्णाबद्दल आपल्या शास्त्राच्या घोडचुका झाल्यात. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांची मोठमोठी ऑपरेशन्स पुरेशा भुलीशिवाय होत होती, का तर त्यांना वेदना फारशा कळत नाहीत म्हणून. डॉ. के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मोजमापं घेऊन दाखवलं, की नीट भूल मिळालेल्या बाळांचं शरीर ऑपरेशनचा ताण कितीतरी कमी घेतं. गप्प असलेल्या बाळाचा अर्थ आपण आपल्या सोयीनं लावला होता.

अपंगत्वाचंही तसंच. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात डाऊन सिंड्रोम असलेलं एक बाळ जन्मलं. त्याची अन्ननलिका जन्मतः जोडलेली नव्हती. ती जोडायचं ऑपरेशन शक्य होतं, ते आई-वडिलांनी करू दिलं नाही. सहाव्या दिवशी बाळ गेलं. ते ऑपरेशन नाकारण्याचं कारण त्याचं डाऊन सिंड्रोम होतं, आणि हे मला आजही अक्षम्य वाटतं. कॅनडातल्या डॉ. सरोज सैगल यांनी १९९९ मध्ये मांडलेला अभ्यासही लक्षात ठेव: गंभीर अपंगत्वासह जगणं आई-वडिलांना आणि किशोरवयीन मुलांना जितकं स्वीकारार्ह वाटत होतं, तितकं डॉक्टर-नर्सना वाटत नव्हतं. तेव्हा ‘असं जगण्यात काय अर्थ’ हे तुझ्या मनात आलं, तर ते तुझं मत आहे, तपासणीचा निष्कर्ष नाही. आणि ‘उपाय नाही’ या वाक्यालाही तारीख असते. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाळांना २०१६च्या डिसेंबरपर्यंत आपण हेच सांगत होतो. त्या महिन्यात अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं.

या बाळाच्या बाबतीत असं काही दाराशी उभं आहे का? तू पाठवलेल्यावरून मला दिसत नाही. पण माझ्यावर विसंबू नकोस. एमआरआय बाहेरच्या एखाद्या न्यूरोलॉजिस्टला दाखव, आणि तेही आई-वडिलांनी मागायच्या आत. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधल्या चार्ली गार्ड या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या बाळाचं व्हेंटिलेटर काढायचं की नाही, हे प्रकरण महिनोन् महिने कोर्टात चाललं. ज्या अमेरिकन तज्ज्ञाच्या उपचारावर आई-वडिलांची आशा होती, त्यानं बाळाला प्रत्यक्ष तपासलं ते जुलैत, पार शेवटी. त्यानंतर काही दिवसांत आई-वडिलांनीच अर्ज मागे घेतला. आधी तपासलं असतं तर चार्ली वाचला असता, असं मी म्हणत नाही.

संशय उरलाच तर मुदत ठरवा. ‘पाच दिवस सगळं चालू ठेवू, बाळ स्वतः श्वास घेऊ लागतंय का आणि ईईजी सुधारतोय का, एवढं बघू, सहाव्या दिवशी सकाळी इथंच बसू.’ काय बघणार ते आधी सांगितलं नाहीस, तर पापणी हलली तरी आशा वाढेल, आणि दोष त्यांचा नसेल.

तुझ्या युनिटमधले काही जण म्हणतील, नळी घातली नसती तर गोष्ट वेगळी, घातलेली काढायची नाही. वैद्यकीय नीतिशास्त्रात सहसा या दोन्हींत फरक मानत नाहीत. हाताला मात्र फरक जाणवतो, माझ्याही हाताला जाणवतो. पण काढता येतच नाही असं एकदा मनानं घेतलं, की पुढच्या शंकास्पद बाळाला नळी घालायलाच आपण कचरू, आणि त्यातलं एखादं जगणारं असेल.

तो दिवस ठरला तर दोन गोष्टी. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर त्याचा अंमल पूर्ण उतरू दे, नाहीतर बाळाला त्रास होतोय का हे तुला दिसणारच नाही. मॉर्फिन त्रासाच्या मापानं, वेळ लवकर संपावी म्हणून नव्हे. आणि वेळेचा अंदाज देऊ नकोस. मी एका आईला ‘काही मिनिटं’ असं सांगितलं होतं. बाळानं चौदा तास श्वास घेतला. पहिला तास सरला तशी ती माझ्याकडे बघू लागली, नळी काढायला घाई तर केली नाही ना, असं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ‘काही तास, क्वचित काही दिवसही’ हे मी आधी सांगायला हवं होतं.

‘बाळ लढतंय’ हेही बोलू नकोस. मग गेलं की ते हरलं, असं होतं.

रात्रपाळीच्या सिस्टरना विचार, आई काचपेटीशी बसून काय बोलते. राऊंडला आपल्या कानावर न येणारं त्यांनी ऐकलेलं असतं. मग खुर्ची ओढून बस, फाइल बाहेर ठेव. मी उद्या दुपारी दोननंतर मोकळी आहे. फोन कर, पण आधी त्यांच्याकडे जाऊन ये.

तुझी,
मॅडम