'धातुमय कठोरगाभा' आणि 'विघटन': मेटॅलिक हार्डकोरची बातमी मराठीत कशी लिहावी?

प्रश्नकर्ते छोट्या लेबलांवर (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांवर) निघणाऱ्या मेटॅलिक हार्डकोर, म्हणजे मेटलची छाप असलेल्या पंक संगीताच्या, रेकॉर्ड्सच्या बातम्या मराठीत लिहितात. त्यांनी एक नमुना पाठवून विचारलंय की यातले शब्द बरोबर आहेत का, आणि 'मेटॅलिक हार्डकोर' व 'मेटलकोर' एकच का. नमुना असा:

«भूमिगत धातुमय कठोरगाभा बँडचा नवा ईपी प्रदर्शित झाला असून तिसऱ्या गाण्यात लय निम्म्याने घसरून जबरदस्त विघटन होते. याच बँडच्या जुन्या डेमोची नवी आवृत्तीही लवकरच येत आहे.»

(ईपी म्हणजे अल्बमहून छोटी रेकॉर्ड, डेमो म्हणजे बँडने आपलं काम दाखवायला केलेलं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण.) मेहनत दिसते, पण ती चुकीच्या जागी खर्च झाली आहे. ज्या शब्दांना हात लावायला नको होता त्यांचं भाषांतर झालंय आणि जिथे मराठीत इंग्रजीहून नेमका शब्द तयार आहे तिथे मोघम शब्द पडलाय.

आधी 'धातुमय'. मेटॅलिक हार्डकोरमधलं 'मेटल' म्हणजे लोखंड-पितळ नव्हे, हेवी मेटल हा संगीतप्रकार. त्यामुळे 'धातुमय' म्हणजे एका विशेषनामाचा अर्थ सांगण्यासारखं झालं. 'कठोरगाभा' तर कोणालाच कळणार नाही. संगीतप्रकारांची नावं जशी आहेत तशीच ठेवावीत. मात्र 'हार्डकोर' एकटं सोडलं की मराठीत वेगळाच घोळ होतो. 'तो हार्डकोर फॅन आहे' असं आपण 'कट्टर' या अर्थाने सर्रास म्हणतो, त्यामुळे 'हार्डकोर बँड' हे अनोळखी वाचकाला 'पक्का, कट्टर बँड' असं वाटतं. उपाय सोपा आहे: पहिल्या उल्लेखात 'हार्डकोर पंक' लिहावं, पुढे नुसतं 'हार्डकोर'. (कॅनडातल्या डी.ओ.ए. या बँडने १९८१ साली 'हार्डकोर ८१' नावाचा अल्बम काढला, तेव्हापासून प्रकाराचं नाव म्हणून हा शब्द जोमाने पसरला.)

लेखन 'हार्डकोर' की 'हार्डकोअर'? 'कोअर बँकिंग', 'कोअर कमिटी' ही आपली सवय पाहता 'हार्डकोअर' चुकीचं नाही. पण हा शब्द पुढे प्रत्ययासारखा वापरला जातो: मेटलकोर, ग्राइंडकोर. तिथे 'अ' अडखळतो, म्हणून माझं मत 'कोर'च्या बाजूने. चंद्राच्या कोरीशी गल्लत होण्याची भीती नाही. एकाच मजकुरात दोन्ही रूपं मात्र नकोत.

'मेटॅलिक हार्डकोर' आणि 'मेटलकोर' एकच का, हा उपप्रश्न खरा महत्त्वाचा आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर 'मेटॅलिक हार्डकोर' हा सरळ कर्मधारयासारखा आहे. विशेषण आधी, नाम नंतर, आणि मुख्य पद हार्डकोर. म्हणजे मूळ पिंड पंकचाच: छोटी गाणी, ओरडून म्हटलेले शब्द, सगळ्यांनी मिळून दिलेले घोष. गिटारच्या रिफ (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या धुनी) मात्र मेटलच्या. क्लीव्हलंडच्या इंटेग्रिटीचा १९९१ चा 'दोज हू फिअर टुमॉरो', सिरॅक्यूजच्या अर्थ क्रायसिसचा १९९५ चा 'डिस्ट्रॉय द मशिन्स' ही त्याची ठळक उदाहरणं. त्या काळात 'मेटलकोर'ही याच बँडना म्हणत. पुढे २००० नंतर किलस्विच एंगेजसारख्या बँडनी गोड चालीची, स्वच्छ गळ्याने गायलेली धृपदं आणि स्वीडिश धर्तीच्या जोडगिटारी आणल्या ('अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग', २००२) आणि 'मेटलकोर' हा शब्द त्यांच्याकडे सरकला. समासाचं मुख्य पदच बदललं म्हणा ना: 'कोर' शेपटीपुरता उरला, प्रधान झालं मेटल. मग जुन्या वळणाच्या बँडना वेगळं दाखवायला 'मेटॅलिक हार्डकोर' हे लांब नाव पुन्हा कामाला आलं. म्हणून आजच्या बातमीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत. जाणता वाचक पहिल्या ओळीलाच थबकेल.

'धातुमय' लिहिण्यामागे गिटारच्या आवाजाचं वर्णन करायचा हेतू असेल, तर तो सरळ करावा. या संगीतात एक ठरावीक नाद वारंवार भेटतो: बॉस कंपनीचं एचएम-२ हे पेडल (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालवायचं यंत्र), त्याच्या सगळ्या खुंट्या पूर्ण पिळलेल्या. हे मूळ पेडल १९८३ ते १९९१ या काळात निघत असे. स्टॉकहोमच्या एंटूम्डने १९९० च्या 'लेफ्ट हँड पाथ'मध्ये हा नाद गाजवला, तो मुळात डेथ मेटलचा. नेल्ससारख्या बँडनी नंतर तो हार्डकोरमध्ये आणला. इंग्रजीत याला यांत्रिक करवतीची उपमा देतात. मराठीत 'करवती नाद' म्हटलं तर वाचकाला दात शिवशिवल्यासारखं होतं, म्हणजे शब्द बरोबर बसला.

'भूमिगत' अजिबात नको. मराठीत भूमिगत होतो तो पोलिसांना चुकवणारा क्रांतिकारक, किंवा मग भूमिगत असते गटार. 'भूमिगत बँड' म्हटलं की बँडवर वॉरंट निघालंय असा भास होतो. 'अंडरग्राउंड' चालेल. पण बहुतेक वेळा बातमीला ते विशेषण लागतच नाही. 'छोट्या लेबलवर' किंवा 'बँडने स्वतःच काढलेला' असं लिहिलं की माहितीही मिळते आणि विशेषण वाचतं.

आता मुख्य गोष्ट, ब्रेकडाउन, म्हणजे गाण्यात मध्येच येणारा संथ वाटणारा, जड आघातांचा भाग. नमुन्यातलं 'विघटन' हे त्याचंच भाषांतर. 'विघटन' हे कचऱ्याचं होतं. 'ब्रेकडाउन' तसंच ठेवावं, फक्त वाक्यरचना सांभाळावी. 'तिसऱ्या गाण्यात ब्रेकडाउन झाला' म्हटलं की गाडी बंद पडल्यासारखं वाटतं. ब्रेकडाउन 'होत' नाही, 'येतो': 'दीड मिनिटावर ब्रेकडाउन येतो', 'गाणं ब्रेकडाउनमध्ये उतरतं'. एवढ्या एका क्रियापदाने मोटारीचा वास जातो. (न्यू यॉर्क परिसरात ब्रेकडाउन नावाचाच एक बँड होता, त्यांचा १९८७ चा डेमो प्रसिद्ध आहे. त्याविषयी लिहिताना 'ब्रेकडाउन बँडचा' असं म्हणावंच लागतं.)

पण नमुन्यातली खरी चूक 'लय निम्म्याने घसरून' ही आहे. ती भाषेची कमी आणि संगीताची जास्त आहे. बहुतेक ब्रेकडाउनमध्ये लय घसरत नाही. समजा गाणं मिनिटाला १८० मात्रांनी चाललंय. चार मात्रांचं एक आवर्तन होतं १.३३ सेकंदांचं. वेगवान भागात स्नेअरचा (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या ढोलाचा) ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणजे दर ०.६७ सेकंदाला. ब्रेकडाउन आला की मात्रा त्याच गतीने चालू राहतात, स्नेअर मात्र फक्त तिसऱ्या मात्रेवर पडतो, म्हणजे १.३३ सेकंदांतून एकदा. कानाला वेग निम्मा वाटतो, मेट्रोनोम (मात्रा मोजणारं यंत्र) मात्र तसाच १८० वर टिकटिकतो. गिटार तळहाताने दाबून तुटक वाजते, बेस ड्रम तिच्या प्रत्येक आघाताला जोडून पडतो, वर चायना झांज एकेका मात्रेचा हिशेब सांभाळते. मधल्या मोकळ्या जागेमुळे आघात जड वाटतो. वेग कमी झाला हे कारण नव्हे.

याला आपल्याकडे तबल्यातला आयता शब्द आहे: ठाय, म्हणजे मूळ संथ चाल. दुगुन म्हणजे त्याच लयीत दुप्पट वेगाने वाजवणं. दुगुनीत चाललेला बोल ठायीत येतो तेव्हा मूळ लय बदलत नाही, तिच्यावर बसवलेली वीण सैल होते. 'गाणं दुगुनीतून ठायीत उतरतं' हे अशा ब्रेकडाउनचं अचूक वर्णन आहे. इंग्रजीतल्या 'हाफ टाइम'मध्ये वेळ अर्धा होतो की वेग, हा गोंधळ नवशिक्याला होतोच. 'ठाय' मध्ये तो नाही. कोणी म्हणेल, हार्डकोरच्या बातमीत तबल्याची परिभाषा विजोड दिसेल. दिसू दे. शब्द नेमका असेल तर दोन वेळा वाचल्यावर विजोडपणा जातो.

मात्र काही गाण्यांत खरोखरच मात्रांची गती उतरते, १८० वरून थेट ११० वर, किंवा आवर्तनागणिक आणखी जड होत. तिथे 'लय पाडली', 'लय उतरत गेली' असं म्हणावं. दोन्हींतला फरक तपासायची युक्ती: वेगवान भागात पायाने मात्रा धरा आणि ब्रेकडाउन आल्यावर पाय थांबवू नका. पाय जुळून राहिला तर ठाय, निसटला तर लय बदलली. दुसरा पर्याय निघाला तर उगीच 'निम्म्याने' लिहू नये. १८० चे ११० म्हणजे निम्मे नव्हेत.

'प्रदर्शित' हा शब्द चित्रपटाचा आहे, कारण तो दाखवतात. पुस्तक प्रकाशित होतं. रेकॉर्ड 'निघते'. कंपनी रेकॉर्ड 'काढते'. ग्रामोफोनच्या काळापासून चालत आलेली ही साधी क्रियापदं आजच्या बातमीला पुरतात: 'नवा ईपी आला', 'अल्बम १० मे २०२४ ला निघाला' (हा नॉक्ड लूजचा, 'यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू'). 'रिलीज झाला' यालाही माझी हरकत नाही.

'ईपी' तसाच ठेवावा, पण गाण्यांच्या संख्येवरून किंवा लांबीवरून आपण ठरवू नये. वर सांगितलेला अल्बम १० गाण्यांचा आणि सुमारे २७ मिनिटांचा आहे, तरी तो अल्बमच. बँड आणि लेबल जे म्हणतात ते लिहावं. तबकडी असेल तर आकार आणि वेग दोन्ही द्यावेत, कारण ते ग्राहकाच्या उपयोगाचे आहेत. सात इंची तबकडीच्या एका बाजूवर मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने ४ ते ५ मिनिटं नीट बसतात, ३३ च्या वेगाने ६ ते ७. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा एकमेकींना खेटतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि या संगीताचा सगळा दणका जातो. दीड मिनिटांची तीन गाणी एका बाजूला, हा हार्डकोरच्या सात इंचीचा मापात बसणारा हिशेब आहे. तबकड्यांच्या संख्येला 'नग' म्हणू नका, 'प्रती' म्हणा: '३०० प्रती, त्यातल्या १०० लाल'.

लिंगाबद्दल थोडक्यात: तो बँड, तो अल्बम, तो ईपी, तो डेमो, ती कॅसेट, ती रिफ (धून, ओळ यांच्या ओढीने). 'रेकॉर्ड'ला जपावं. 'त्यांनी रेकॉर्ड मोडला' म्हणजे विक्रम, 'त्यांनी रेकॉर्ड मोडली' म्हणजे तबकडीचे तुकडे. आणि 'दोन बँडची स्प्लिट आली' म्हणजे एकाच तबकडीवर एकेक बाजू वाटून घेतलेली दोघांची गाणी. 'बँड स्प्लिट झाला' असं मात्र लिहू नये, तिथे 'बँड फुटला' किंवा 'थांबला' लिहावं. नाहीतर चांगल्या बातमीला वाचक शोकसंदेश पाठवतील. नाचाचा 'सर्कल पिट' हवा असल्यास 'रिंगण' म्हणा, 'खड्डा' नको.

राहिली 'डेमोची नवी आवृत्ती'. पुस्तकांच्या व्यवहारात आपण एक काटेकोर भेद पाळतो. मजकूर तसाच ठेवून पुन्हा छापलं तर पुनर्मुद्रण, मजकुरात बदल केला तर नवी आवृत्ती. हाच भेद रेकॉर्डला जसाच्या तसा लागू पडतो. त्याच कटिंगवरून (खाचा कोरलेल्या मूळ तबकडीवरून) पुन्हा प्रती काढल्या तर पुनर्मुद्रण. स्टँपर (प्रती दाबायचे साचे) झिजले म्हणून मदरवरून (ज्या धातूच्या प्रतीवरून ते साचे बनतात तिच्यावरून) नवे काढले, मुखपृष्ठाचा किंवा तबकडीचा रंग बदलला, तरी पुनर्मुद्रणच. नव्याने मास्टरिंग (प्रती काढण्याआधीचं आवाजाचं शेवटचं संस्करण) केलं, मूळ ट्रॅक उघडून मिश्रण बदललं किंवा गाणी वाढवली, तर आवृत्ती. गाणीच पुन्हा वाजवून मुद्रित केली असतील तर दोन्ही शब्द चुकीचे, तिथे 'पुन्हा ध्वनिमुद्रित' असं स्पष्ट म्हणावं. इंग्रजी बातम्यांत 'रीइश्यू' या एका शब्दाखाली यातलं बरंच काही खपवलं जातं. घेणाऱ्याचं त्यात नुकसान होतं, कारण जुना नाद हवा असलेल्याला नवा पॉलिश केलेला नाद मिळतो.

कॅसेटवरचा डेमो पहिल्यांदा तबकडीवर येत असेल तर तो जवळपास नेहमी आवृत्तीच ठरतो. तबकडीसाठी खालचे स्वर मधोमध एकत्र आणावे लागतात. डाव्या-उजव्या बाजूंचे खालचे स्वर एकमेकांविरुद्ध गेले तर सुई उडते. झांजांची आणि 'स', 'श'ची धार बोथट करावी लागते, नाहीतर ती फाटल्यासारखी ऐकू येते. म्हणजे नवं मास्टरिंग आलंच. आणि 'डेमो'ला 'नमुना' म्हणू नका. हार्डकोरमध्ये डेमो हा लेबलला दाखवायचा कच्चा मसुदा राहिलेला नाही. बँड तो कॅसेटवर विकतात आणि श्रोते तो पूर्ण काम म्हणूनच ऐकतात.

तर नमुना असा होईल (आकार, लेबल आणि वेग उदाहरणादाखल धरलेत, आणि ब्रेकडाउन ठायीचा आहे असं गृहीत धरलंय):

«या मेटॅलिक हार्डकोर बँडचा नवा सात इंची ईपी आलाय, छोट्या लेबलवर, ४५ च्या वेगाने. तिसरं गाणं दुगुनीतून ठायीत उतरतं आणि तो ब्रेकडाउन सगळ्या ईपीत सर्वांत जड आहे. त्यांचा जुना डेमोही पुन्हा निघतोय.»

शेवटच्या वाक्यात 'आवृत्ती' मुद्दाम गाळली आहे. डेमो पुन्हा कॅसेटवर येतोय की तबकडीवर, आणि मास्टरिंग नवं आहे का, हे नमुन्यात नाही. लेबलला एक ओळ लिहून विचारा, मग 'पुन्हा निघतोय'च्या जागी योग्य तो शब्द घाला.