नाशिकमध्ये मुलीला कॅथलिक शाळेत पहिलीला घालावं का? आम्ही हिंदू आहोत, घरी मराठीच बोलतो.

घाला, पण आधी त्याच शाळेत दुसरीत असलेल्या शेजारच्या एखाद्या मुलाची वही चाळा. माझ्या लेकीच्या वेळी मी नाशिकरोडला तेच केलं. बाईंनी लाल शाईनं चूक नुसती खोडली नव्हती, शेजारी बरोबर शब्द लिहून मुलाकडून तीनदा गिरवून घेतला होता. माझा निर्णय तिथेच झाला.

धर्माची भीती बाळगू नका. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घेण्याची सक्ती करता येत नाही. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, तासाला आमच्या मुलीचा वर्ग मूल्यशिक्षणाला बसतो. सकाळची प्रार्थना मात्र सगळ्यांची. नाताळाचा गोठा मांडायला तीच सर्वांत पुढे असते, आणि घरी गणपतीची आरासही तीच करते.

प्रवेशाचं म्हणाल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार कॅथलिक शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही. कॅथलिक मुलांना प्राधान्य असतं, म्हणून उरलेल्या जागा किती ते ऑफिसात स्पष्ट विचारा. पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत.

आणि घरी मराठीच बोला, इंग्रजी शाळेत येतंच.