मागच्या खोलीतला रेडिएटर गार का?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही इंग्लंडात लेस्टरला जुन्या टेरेस घरात, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या ओळीतल्या घरात राहतो. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, मार्चपर्यंत आहेत. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत ते झोपतात आणि नेमकी तीच खोली गार राहते. हॉलमधल्या रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो, त्यांच्या खोलीतला मात्र जेमतेम कोमट. रेडिएटरांत फिरणारं पाणी तापवणारा बॉयलर खाली स्वयंपाकघरात आहे, कंडेन्सिंग कॉम्बी (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा), फारसा जुना नाही. त्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह ५ वर ठेवला, आत अडकलेली हवाही काढली. एक जण म्हणतो, मोठा बॉयलर बसवा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यांचं म्हणणं तिथवर पाणीच पोचत नाहीये. काय करू? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. मोठ्या बॉयलरचा विचार आजच सोडा. कालव्यावर जे होतं तेच तुमच्या घरात चाललंय. तोंडाशी असलेले भरपूर पाणी घेतात आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, काही उरत नाही. अशा वेळी धरणातून जास्त पाणी सोडून भागत नाही, वरची दारं आवळावी लागतात. बाबांना हे मी सांगायला नको.

ही दारं कुठली ते आधी बघू. रेडिएटरला खाली दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. आकडे असलेला तो थर्मोस्टॅटिक. त्याच्या डोक्यात मेण किंवा द्रव असतो. खोली तापली की तो फुगतो, खालची पिन दाबतो आणि पाणी बंद होतं. म्हणजे ३ वर ठेवलं तर खोली साधारण २० अंशांवर गेली की व्हॉल्व्ह मिटणार. ५ वर ठेवलं म्हणून पाणी जास्त जोरात येत नाही, व्हॉल्व्ह फक्त उशिरा मिटतो. हा गैरसमज मला घरोघरी भेटतो, आणि लोक आकडा वाढवत बसतात.

दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची साधी टोपी असते, फिरवली तरी काही होत नाही. ती ओढून किंवा स्क्रू काढून उचला. आत पितळेचा छोटा चपटा दांडा दिसेल. हा लॉकशील्ड, आणि तुमचं दार हेच. छोट्या अ‍ॅडजस्टेबल पान्याने घड्याळाच्या दिशेने फिरवला की बंद होतो, उलट फिरवला की उघडतो.

काहीही आवळण्यापूर्वी एक परीक्षा करा. प्रत्येक लॉकशील्ड बंद करायला किती फेरे लागतात ते मोजून कागदावर लिहा, म्हणजे कधीही मूळ जागी आणता येईल. मग मागच्या खोलीचा तेवढा उघडा ठेवून बाकीचे थोडा वेळ बंद ठेवा आणि हीटिंग चालू करा. तो रेडिएटर सणसणीत तापला, तर दुखणं फक्त वाटपाचं. तेव्हाही गार राहिला, तर त्याच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं डोकं उघडून काढा. खालची पिन बोटाने दाबली की उसळून वर यायला हवी. रुतली असेल तर पक्कडीच्या पाठीने हलके ठोका, वर-खाली करा. उपटायची मात्र नाही, पाणी उडेल. वर तापतो आणि खाली गारच, असं असेल तर तळाशी काळा गाळ बसलाय. त्याला धुवायला माणूस बोलवा.

माझा अंदाज वाटपाचाच आहे. त्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा. सगळं घर गार होऊ द्या, सगळे थर्मोस्टॅटिक ५ वर आणि लॉकशील्ड पूर्ण उघडे ठेवा. हीटिंग लावून कोणता रेडिएटर कितव्या क्रमांकाने तापतो ते लिहून घ्या. पहिला आला त्याचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून जेमतेम पाव फेरा उघडा. पुढच्याचा थोडा जास्त. असं करत शेवटच्यापर्यंत जा. मागच्या खोलीचा पूर्ण उघडाच राहील. दरवेळी दहा-पंधरा मिनिटं थांबा, रेडिएटर लगेच उत्तर देत नाही.

मग आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत नळीवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून नळीला काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा. जुन्या बॉयलरला दोन्हींत ११-१२ अंशांचा फरक ठेवायचे. तुमच्यासारख्या कंडेन्सिंगला २० च्या आसपास चांगला, कारण परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच तो धुरातली वाफ निववून तिची उष्णता परत घेतो. त्यापायी बॉयलरच्या पाण्याचं तापमान ६० वर आणून बघा. पण आकड्यामागे फार लागू नका, सगळ्या रेडिएटरांत फरक साधारण सारखा असणं महत्त्वाचं.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण भिंतीवरचा थर्मोस्टॅट बहुधा हॉलमध्येच असेल. तसं असेल तर हॉल झटपट तापतो, थर्मोस्टॅट बॉयलरला थांबवतो आणि वरची खोली तशीच राहते. म्हणून हॉलचा लॉकशील्ड सगळ्यांत जास्त आवळायचा. त्या रेडिएटरला आकड्यांचा व्हॉल्व्ह असेल तर तो कायम ५ वर. एकाच खोलीत दोघांनी तापमान ठरवलं की भांडण लागतं.

हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता. बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही, ते गॅस सेफ (इथली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) मध्ये नाव असलेल्याचंच काम. हवा काढल्यावर दाब उतरतो, तेव्हा बॉयलरवरचा काटा गार असताना १ ते १.५ बारच्या मध्ये आहे ना तेही पाहा.

आई-बाबांच्या खोलीत पडदा व्हॉल्व्हवर लोंबत नाही ना, पलंग रेडिएटरला चिकटलेला नाही ना, हे बघून घ्या. पडद्याआड ऊब कोंडली की व्हॉल्व्हला खोली तापली असंच वाटतं. उशाशी साधा थर्मामीटर ठेवा. इथले आरोग्याचे सल्ले किमान १८ अंश सांगतात. साताऱ्याहून आलेल्या माणसांसाठी मी २०-२१ ठेवेन, आणि रात्री एकदम बंद न करता दोन-तीन अंशच उतरवेन.