कॅपचा अर्ज भरला, पावती आली, आणि मग चूक दिसली

प्रश्न : मुलीने इंजिनिअरिंगच्या कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) अर्ज ई-स्क्रुटिनीने, म्हणजे कागदपत्रांच्या ऑनलाइन तपासणीने भरला. पावतीही हातात आली. आता दिसतंय की बारावीच्या भौतिकशास्त्राचे 78 गुण 87 असे पडले आहेत. नवीन अर्ज भरून टाकू का?
– एक पालक, सातारा

उत्तर : नको. एकाच विद्यार्थ्याचे दोन अर्ज झाले की चूक निस्तरणं बाजूलाच राहतं आणि नवा घोळ सुरू होतो.

मुदत अजून संपली नसेल तर अर्ज तपासणाऱ्या केंद्राला गाठा आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवायला सांगा. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली असेल, तर हरकती नोंदवण्याचे मोजके दिवस मिळतात. मुलीच्या लॉगिनमधून तक्रार टाका आणि गुणपत्रिकेची स्वच्छ प्रत जोडा. ‘माहिती चुकली आहे’ एवढंच लिहू नका. ‘बारावी, भौतिकशास्त्र, 87 ऐवजी 78’ असं लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

बरेच जण फसतात ते यापुढे. केंद्राने अर्ज परत पाठवला की तो पुन्हा उघडतो. विद्यार्थी आकडा बदलतो, सेव्ह करतो आणि निश्चिंत होतो. पण अर्ज पुन्हा लॉक करून सादर केल्याशिवाय केंद्राकडे जातच नाही. नवी पावती डाउनलोड करा आणि 78 तिच्यावर छापून आलेत का, ते डोळ्यांनी बघा.

गुणवत्ता क्रमांक सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो, त्यामुळे या चुकीने क्रमांक फारसा हलणार नाही. बारावीचे गुण पात्रतेला लागतात आणि समान पर्सेंटाइलची कोंडी फोडायला. तरीही दुरुस्त करून घ्याच. प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रिका समोर येते, आणि असलेल्यापेक्षा जास्त गुणांचा दावा तिथे महागात पडू शकतो.

प्रश्न : मी ओबीसी आहे. कॅपच्या अर्जाला जोडलेल्या नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत गेल्या मार्चमध्येच संपल्याचं आता लक्षात आलं.
– विद्यार्थी, परभणी

उत्तर : अर्जातली ही सगळ्यात महागडी चूक. प्रमाणपत्र कधी निघालं याला महत्त्व नाही, ते कुठवर चालतं ते बघतात. 2025-26 च्या प्रवेशासाठी ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध असावं लागत होतं, तसंच दर वर्षी पुढच्या मार्चअखेरपर्यंतचं लागतं. आजच सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर नव्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत या अर्जाच्या पावतीवर आरक्षणाचा दावा राखायची सोय दिली असेल, तर पावतीचा क्रमांक आणि तारीख कॅपच्या अर्जात टाकून घ्या. मात्र पावती म्हणजे फक्त मिळालेला वेळ. मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत पोहोचलं नाही, तर तुम्ही खुल्या गटात मोजले जाता. जात वैधता प्रमाणपत्र हा वेगळा कागद आहे, तोही याच वेळी तपासून घ्या.

प्रश्न : ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म) कन्फर्म केला. पहिल्याच क्रमांकावर नको असलेल्या कॉलेजचा कोड गेला.
– विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : कन्फर्म झालेला फॉर्म त्या फेरीपुरता बदलत नाही. आता सगळं वाटपावर. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. तो मिळाला नाही, तर पुढच्या फेरीला फॉर्म नव्याने भरता येतो. त्या वेळी कोड आठवणीवर टाकू नका. एकाच संस्थेच्या एकाच शाखेचे दोन कोड असू शकतात, आणि शेवटी ‘टी’ असलेला कोड शुल्कमाफीच्या जागांचा असतो. कन्फर्म करण्याआधी यादीची प्रिंट काढा आणि दुसऱ्या कुणाला कोड मोठ्याने वाचायला सांगून संस्थेचं नाव, शाखा ताडून बघा.