गढूळ पाण्यात दिवा कुठे धरावा?

प्रश्न : माझ्याकडे ऑलिंपस टीजी-६ कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग (पाणी आत न येऊ देणारी पेटी) आहे. मालवण, निवतीला समुद्रात सात-आठ मीटर खोलीवर काढलेले फोटो हिरवट येतात आणि त्यांत पांढरे ठिपके भरतात. वीस हजारांत कोणता दिवा घ्यावा?
*– एक वाचक, देवगड*

हिरवटपणा आणि ठिपके हे दोन वेगळे रोग आहेत. जास्त उजेडाने पहिला बरा होतो, दुसरा मात्र बळावतो.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. चार-पाच मीटरवरच तांबडा मासा तपकिरी दिसू लागतो. त्यात आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म वनस्पती असल्यामुळे उरतो तो हिरवा. दिवा जवळ नेला की रंग परत येतात. पण उजेडालाही पाण्यातून जावं लागतं आणि परत यावं लागतं. मासा अर्ध्या मीटरवर असेल तर उजेडाचा एकूण प्रवास एक मीटरचा होतो.

ठिपके म्हणजे पाण्यात तरंगणारे कण. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला खेटून असतो, त्यामुळे लेन्ससमोरचा कण न् कण उजळतो. आंबोलीच्या धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच हे. म्हणून वीस हजारांतले पहिले पैसे दिव्यावर घालू नका. आधी दिवा लेन्सपासून दूर धरायची सोय करा : कॅमेरा बसवायचा ट्रे, हँडल आणि दिवा धरणारा दोन तुकड्यांचा आर्म घ्या. एका बाजूला पंधरा ते वीस सेंटिमीटरचे दोन तुकडे, सांध्यांचे एक इंची बॉल आणि त्यांना धरणारे क्लॅम्प एवढं पुरतं. लवचिक मण्यांचा आर्म स्वस्त असतो, पण जड दिव्याखाली तो लवतो आणि ऐन वेळी उजेड खाली पडतो.

आता दिवा. फक्त फोटो काढायचे असतील तर स्ट्रोब, म्हणजे क्षणभर चमकणारा वेगळा फ्लॅश, घ्या. त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्यामुळे लाटेने हललेला मासाही ठाशीव येतो. सतत चालू राहणाऱ्या व्हिडिओ लाइटच्या उजेडात तोच मासा पुसट येण्याची भीती असते. नावाजलेला नवा स्ट्रोब मात्र तुमच्या बजेटमध्ये बसणं कठीण आहे, तेव्हा वापरलेला शोधा. तो घेताना बॅटरीचं झाकण उघडून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर आहे का ते बघा. असेल तर आत खारं पाणी गेलेलं आहे, परत द्या. नंतर पूर्ण ताकदीवर लागोपाठ पाच वेळा उडवा, म्हणजे चमकवा, आणि दर वेळी पुन्हा तयार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाचव्या वेळी पहिल्याच्या दुप्पट वेळ लागला तर सेल तरी थकलेत किंवा आतला भाग तरी. सेल रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड वापरा. ते साध्या अल्कलाइनपेक्षा लवकर वीज सोडतात, म्हणून दोन फोटोंमधली वाट कमी होते.

स्ट्रोब फायबर ऑप्टिक केबलने जोडतात. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश चमकला की केबलमधून तो उजेड स्ट्रोबच्या डोळ्यापर्यंत जातो आणि स्ट्रोब उडतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कॅमेऱ्याच्या पूर्वफ्लॅशवरच, म्हणजे खऱ्या फ्लॅशआधीच्या चमकेवरच, स्ट्रोब उडून जातो आणि फोटो काळा येतो. स्ट्रोबवर पूर्वफ्लॅश सोडून देणारा मोड असतो, तो घरीच आरशासमोर लावून तपासा. आरशाच्या फोटोत स्ट्रोब पेटलेला दिसला म्हणजे जुळलं. टीजी-६मध्ये पूर्ण मॅन्युअल मोड नाही आणि ॲपर्चरही (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) मोजक्या पायऱ्यांतच बदलतं. त्यामुळे फोटो उजळ-गडद करायचा तो स्ट्रोबची ताकद कमी-जास्त करून, किंवा स्ट्रोब पुढे-मागे सरकवून.

प्रश्न : मला व्हिडिओही हवा आहे. ऑनलाइन ‘दहा हजार लुमेन’चे स्वस्त दिवे दिसतात. घ्यावेत का?
*– एक वाचिका, रत्नागिरी*

लुमेन म्हणजे उजेडाचं माप. ते खरं की खोटं हे कळायला आधी सेल बघा. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० मिलीॲम्पियर-तास, म्हणजे सुमारे साडेबारा वॉट-तास वीज मावते. एलईडी एका वॉटला १०० लुमेन देतो असं धरलं तरी दहा हजार लुमेनला १०० वॉट लागतात. एका सेलवर तो दिवा सात-आठ मिनिटं चालेल. ‘दोन तास’ लिहिलेलं असेल तर यातला एक आकडा खोटा आहे. १८६५० सेलवर ९९०० मिलीॲम्पियर-तास लिहिलेलं असेल तर तो सेलही घेऊ नका.

आपल्या पाण्यात खरे १५०० ते २५०० लुमेन पुरतात. लुमेनपेक्षा झोताचा कोन महत्त्वाचा. ११०-१२० अंशांचा, मध्ये झगझगीत ठिपका नसलेला दिवा हवा. कोन हवेतला सांगितलाय की पाण्यातला, हे विचारून घ्या. सपाट काचेचा दिवा पाण्यात गेला की झोत आवळतो. रंगनिष्ठेचा आकडा, म्हणजे सीआरआय, ९०च्या आसपास असेल तर पोवळ्याचा जांभळा-नारिंगी रंग खरा दिसतो.

दिवा हातात आला की अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीपासून एक मीटरवर लावा. वर्तुळ कडेपर्यंत सारखं दिसायला हवं. मग दिवा सगळ्यात कमी उजेडावर ठेवा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सरकते काळे पट्टे दिसले तर तो दिवा वेगाने उघडझाप करून मंद होतो आणि ते पट्टे तुमच्या व्हिडिओतही येतील.

प्रश्न : आर्म घेतला, स्ट्रोब घेतला, तरी ठिपके आहेतच. काय चुकतंय?
*– एक वाचक, वेंगुर्ला*

बहुधा तुम्ही स्ट्रोबचं तोंड थेट माशाकडे वळवताय. दिवा लेन्सच्या रेषेपेक्षा थोडा मागे घ्या, बाहेर ताणा आणि तोंड किंचित बाहेर वळवा. झोताची नुसती कड माशावर पडली पाहिजे. लेन्स आणि मासा यांच्यामधलं पाणी काळोखात राहिलं की त्यातले कण दिसत नाहीत. समुद्रगोगलगायीसारखा बोटभर जीव दहा सेंटिमीटरवरून टिपताना मात्र उलट करा. दिवा पोर्टजवळ (हाउसिंगच्या लेन्ससमोरच्या काचेजवळ) आणून उजेड बाजूने पाडा, कारण मध्ये पाणीच फार नसतं.

अंतराचा एक हिशेब लक्षात ठेवा : जेवढी विजिबिलिटी, म्हणजे पाण्यात जेवढं लांबचं दिसतं, त्याच्या पाचव्या हिश्शापर्यंतच स्ट्रोबचा उपयोग. तीन मीटर दिसत असेल तर साठ सेंटिमीटर. त्यापलीकडचा फोटो ताकद वाढवून सुधारत नाही, फक्त कण जास्त चमकतात. दिवसही निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळलेलं असतं. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात गाळ ढवळतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तो खाली बसतो. बुकिंग करताना तिथी बघा.

सगळा साज पाण्यात जड होऊन मनगट दुखत असेल तर आर्मला जाळ्याचा कडक बोया बांधा. थर्माकोल नको. खोलीवर तो दाबाने चेपतो आणि तरंगण्याची ताकद जाते.

प्रश्न : गो-प्रोला स्ट्रोब जोडता येईल का?
*– एक वाचक, अलिबाग*

नाही. गो-प्रोला फ्लॅश नाही, त्यामुळे स्ट्रोबला इशारा मिळत नाही. व्हिडिओ लाइटच घ्या. दिवा चालू असताना लेन्सवरचा लाल फिल्टर काढून ठेवा, नाहीतर जवळचं सगळं लालेलाल होतं.

प्रश्न : नव्या दिव्यात दुसऱ्याच डाइव्हला पाणी शिरलं. ओ-रिंग (झाकणातली रबरी कडी) तर नवी होती.
*– एक वाचिका, मालवण*

नव्या ओ-रिंगवर एक केस किंवा वाळूचा कण पुरतो. डाइव्ह झाली की दिवा न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि बटणं आतच दाबा. मीठ वाळलं तर त्याचे खडे रिंगखाली बसतात. मग पूर्ण पुसून, तोंड खाली धरून उघडा, म्हणजे थेंब आत जाणार नाहीत. रिंग सुईने काढू नका, जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने उचला. रिंग आणि खाच दोन्ही धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस बोटांत फिरवा, रिंग नुसती ओलसर चमकली पाहिजे. जास्त ग्रीस लावलं तर तेच वाळू धरून ठेवतं. ग्रीस दिव्यासोबत आलेलंच वापरा, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगू शकतं.

पाणी शिरलेला दिवा चालू करू नका. आत दाब साठलेला असू शकतो, म्हणून झाकण चेहऱ्यापासून दूर धरून हळू उघडा. सेल काढून मोकळ्या जागेत, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि तो पुन्हा चार्जरला लावू नका. दिवा गोड्या पाण्याने धुऊन वाळवलात तर कधी कधी वाचतो.