पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात, प्रवेश घेतलेल्या नव्या मित्राला

प्रवेश झाला, मनापासून आनंद वाटला! वर्ग तू करशीलच, पण विभागातलं एकही व्याख्यान चुकवू नकोस. वही घेऊन पुढच्या रांगेत बस. कार्यक्रम संपला की वक्त्याला गाठ आणि नाव, आडनाव, हुद्दा त्याच्याकडूनच तपासून घे. फलकावरच्या नावावर विसंबून मी एकदा बातमीत चुकीचं आडनाव छापलं होतं, ते अजून सलतं. त्याच रात्री दोनशे शब्दांची बातमी लिहून काढ. 'वक्त्यांनी मार्गदर्शन केलं' असं लिहू नकोस, ते नेमकं काय म्हणाले ते पहिल्याच वाक्यात येऊ दे.

आणि इंग्रजीला घाबरू नकोस. बाळशास्त्री जांभेकरांचं १८३२चं 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्रसुद्धा मराठी-इंग्रजी असं दोन्ही भाषांतच निघायचं.