बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात पाच दिवसांचं 'नोकरीची तयारी' शिबिर आहे, फी दीड हजार. करावं का?

करायचं तर करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पाच दिवसांत बायोडाटा लिहायला आणि स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, नवीन मुलामुलींच्या मुलाखती घेते. मुलं ओळख करून देताना अडत नाहीत, पुढे कागद आला की अडतात.

मीही तिथेच अडले होते. २०११ साली बार्शीहून पुण्याला पहिल्या मुलाखतीला गेले. अकाउंट्सला ८४ गुण होते. तिथल्या साहेबांनी प्रश्न विचारलेच नाहीत. बँकेचं स्टेटमेंट आणि कंपनीच्या स्वतःच्या वहीतल्या बँक खात्याची चार पानं पुढे सरकवली, पेन्सिल दिली आणि म्हणाले, "जुळवा." बँक जुळवणी पत्रक मी परीक्षेत कधी चुकवलं नव्हतं. पण पेपरात फरकाची कारणं क्रमांक घालून दिलेली असतात: अमुक चेक भरला, वटला नाही, बँकेने एवढं कमिशन कापलं. इथे कारणंच मला शोधायची होती. आपल्याकडे नावे ते बँकेकडे जमा, हे पाठ होतं, तरी दोन कागद शेजारी ठेवल्यावर सुरुवात कुठून करायची ते सुचेना. अर्ध्या तासाने त्यांनी कागद परत घेतले. बार्शी येईपर्यंत एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मग गावातच एका कर सल्लागारांकडे महिना अडीच हजारांवर लागले. कापड दुकानाची बिलं पिशवीत कोंबलेली यायची, ती आधी तारखेप्रमाणे लावायची. पहिल्याच आठवड्यात ३६० रुपयांचा फरक येत होता. तिथले दिवाणजी काका म्हणाले, "नऊने भाग जातो का बघ. जात असला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत." २,७३० चे मी २,३७० केले होते. तीन वर्षांच्या पदवीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत पुन्हा तसाच कागद पुढे आला, तो मी वीस मिनिटांत जुळवला.

पुढे मी कॉलेजात जाऊन आमच्या विभागप्रमुख सरांना म्हटलं, तिसऱ्या वर्षाची मुलं महिनाभर गावातल्या ऑफिसांत पाठवा, चार ठिकाणी मी बोलून ठेवते. सर म्हणाले, "कॉलेज म्हणजे नोकऱ्या लावायचं ऑफिस नाही." मला ते आजही पटत नाही. रोज वीस-वीस किलोमीटरवरून एसटीने येणारं मूल नोकरीसाठीच पदवी घेतं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

तुम्ही कॉलेजची वाट बघू नका. परीक्षा झाली की एखाद्या सीएकडे किंवा कर सल्लागाराकडे बसा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांच्या ११ आणि २० या तारखा, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) आणि ३बी (कर भरायचं रिटर्न), तिथे काढून बघा. खरेदीची बिलं २बीशी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, जुळवायला मिळाली तर सोडू नका, मुलाखतीत मी हमखास तेच विचारते. पदवी हातात आली की केंद्र सरकारच्या नॅट्स या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नाव नोंदवा. २०१४ च्या कायदादुरुस्तीपासून पदवीधरांची शिकाऊ उमेदवारी इंजिनिअरांपुरती राहिलेली नाही, बी.कॉम.लाही मिळते. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं विद्यावेतन महिना किमान ९,००० ठरलं.

हे सगळं अकाउंट्समध्येच जायचं असेल तर. एमपीएससी करायची असेल तर वाट वेगळी. आणि चार माणसांत बोलताना खरंच जीभ अडखळत असेल, तर शिबिराचे दीड हजार वाया जाणार नाहीत.

सरांबद्दलही सांगायला हवं. जर्नलच्या नोंदी त्यांनी फळ्यावर घोटून घेतल्या होत्या, म्हणून काकांचं बोलणं मला एका झटक्यात कळलं. त्या एका महिन्याला मात्र त्यांनी हो म्हणायला हवं होतं.